कायद्यानं बिऱ्हाड हलवलं

मग काय तर! बेट जागच्या जागी, मशीन जागच्या जागी, आणि आमच्या सुनेचं तारण मात्र अधांतरी! तुम्हाला सांगते, सुमेधानं आपलं पोळ्या लाटायचं मशीन धनंजयला हप्त्यांवर विकलं. चाळीस हजार दिरहॅम, म्हणजे आपले नऊ लाख हो! त्याचं पोळी-भाजीचं दुकान तिकडे आखातात, अल रीम बेटावर. बोलायला गोड, "वहिनी, इन्शाल्ला दर महिन्याला!" पण सुमेधा कसली ऐकतेय! हप्ते फिटेपर्यंत मशीन तारण, असं तिनं सरकारी वहीत चढवूनच घेतलं. उद्या दहा सावकार आले तरी मशीनवर पहिला हात हिचा!

आणि एक दिवस फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून मुश्ताकचा फोन. "भाभी, रीम पे अब दूसरा कानून, दूसरा रजिस्टर. तारीख से पहले नयी एंट्री करो, नहीं तो खलास!"

"अहो, बेट काय वाहून गेलं?"

"नहीं भाभी, आयलंड उधर ही है. कानून शिफ्ट हुआ!"

ऐकलंत? माणसं बिऱ्हाड हलवतात, इथे कायद्यानं हलवलं! मी म्हटलं, एक्क्याऐंशी साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला, तेव्हा आमच्या म्हशीनं काय दावं तोडलं? तर सुमेधा म्हणते, "आई, धनंजयनं त्याच मशीनवर दुसरीकडूनही कर्ज उचललंय. तो सावकार नव्या वहीत माझ्याआधी पोचला तर?"

मग काय, धावाधाव! मशीनचा नंबर हवा, आणि तो कुठे? मशीनच्या पोटाखाली! भर दुकानात सुमेधा ओणवी, केसांत पीठ, आणि धनंजय वरून विचारतो, "वहिनी, पोळ्या बांधून देऊ?" बेट जागच्या जागी, मशीन जागच्या जागी, हिची कंबर तेवढी हलली! पण शेवटच्या दिवशी, दुपारी, नव्या वहीत पहिलं नाव हिचंच!

आणि तिथेच बाई चुकली... जुन्या वहीतलं नाव कमी करून आली! मुश्ताक म्हणत होता, "भाभी, रहने दो ना!" पण रेशनकार्डाची सवय हो, सासरी चढवायचं तर माहेरचं कमी करायचं!

दुसऱ्याच दिवशी धनंजयचा फोन. "वहिनी, इथलं भाडं झेपत नाही हो, दुकान शारजाला नेतोय, अल मजाजला. मशीन टेम्पोत चढलंसुद्धा!"

आता शारजाला वही कुठली? जुनीच की हो, नवी फक्त बेटापुरती!

बेट जागच्या जागी... मशीन निघालं! सुमेधानं चपला घातल्या, मुश्ताकसमोर जाऊन बसली, म्हणाली, "मुश्ताकभाई, लिखो. और अब मेरा नाम दोनों घर में रहने दो!"