ओरडायचं नाव

अमेरिकेत, आमच्या व्हरमाँटमधल्या गावात जन्मनोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे नवराबायको होते, कुशीत झोपलेली तान्ही लेक, आणि मागे नवऱ्याची आई.

"क्लारा तर ठरलं. मधलं नाव रोझ ठेवू या?"

"अगं, मधलं नाव रागावतानाच लागतं! 'क्लारा रोझ, खाली उतर!' कोण घाबरेल?"

"मग आईंचं मधलं? ऑगस्टा?"

"माझं नको बाई! ते ऐकलं की अजून वाटतं, आईने काहीतरी पकडलं!"

"ओरडून तर बघतो. क्लारा ऑगस्टा मर्फी! हातात काय आहे?"

"अर्धाच डोनट खाल्ला रे! डॉक्टरांना सांगू नकोस!"

"आई, मी लेकीला ओरडत होतो."

"ठरलं, ऑगस्टाच! आणि आई, उरलेला अर्धा इकडे द्या."