लसणाची वेणी

बालाघाटच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू आणि सून बसल्या होत्या. सासू रामपायलीला परत निघाली होती.

"ओला लसूण धुतला काहून, संघमित्रा?"

"माती होती ना, आई. पाती कापली अन् पिशवीत बांधून फ्रिजमधे ठेवला."

"लसणाले आंघोळ घातली अन् वरून कोंडून ठेवलं! बुरशी येईनच ना."

"मले कोनं सांगतलं? तुमी तं चार दिवसांत निघाल्या."

"फ्लॅटमधे जीव घुटते माहा. लसणाचंबी तसंच हाय. पातीसकट वेणी घालाची, सावलीत वाऱ्यावर टांगाची. सहा महिने खराब होत नाही."

"बालकनीत वारा येते."

"तिथं तुमचे कपडे वाळतात."

"कपडे गच्चीवर टाकीन. तुमची खाटबी मावते तिथं. मोजून पाह्यली."

"कधी मोजली?"

"तुमी बॅग भरत होत्या तवा."

बस लागली. कंडक्टर "रामपायली, रामपायली" ओरडू लागला.

"आई, गाडी."

"हौ, जावं तं लागनच. घरी दोन वेण्या टांगल्या हायेत, त्या आणाच्या हायेत. तू तवरक बालकनीत खिळा ठोकून ठेवजो. मजबूत ठोकजो."