अनसाचं हिरवं लुगडं

तुम्ही बसा मास्तर, मी फिरत फिरतच सांगतो, एका जागी जीव ठरत न्हाई माझा. मी वाटूरजवळच्या याच गावातला, बाप शेतकरी, शिकलो उर्दूत, कारण तवा आपल्याकडं निजामाचं राज. देश सुटला तरी आपण मागंच राह्यल्तो. मंग निजाम गेला आणि चावडीवर झेंडा लावायचं ठरलं. मला सोळा सरलेली, झेंडा मी आणतो म्हणून बसलो. आणणार कुठून? भगवं देवळातून घेतलं, पांढरं बापाच्या धोतराचं, हिरवं राह्यलं.

चावडीसमोर अनसाचं घर. काय सांगू तुम्हाला, तिच्या दारावरून मी दिवसातून दहादा जायचो, काम काहीच नसायचं. तिचं लग्न ठरल्तं, सासरहून हिरवं लुगडं आल्तं. मी म्हणलो अनसे, त्याची पट्टी दे. ती म्हणली येडा झाला का, नवरीचं लुगडं फाडत्यात का? मंग हसली, म्हणली देते, पण नुसता झेंडाच लावशील का आणखी काही धाडस हाय अंगात? मी म्हणलो हाय की, बिलकुल हाय. तिनंच फाडलं, तिनंच शिवलं, हातातली बांगडी ठेवून निळीनं मधलं चाक काढलं.

आता खरं सांगतो. आमच्या पेटीत आईचा हिरवा खण होता. मला ठावं होतं. पण लुगडं फाटलं की सोयरीक मोडंल, मंग अनसा माझी, असा माझा डाव.

सोयरीक मोडली बराबर. तिच्या बापानं भर गल्लीत विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून फाडलं? तिनं माझ्याकडं पाह्यलं. मी झेंड्याकडं पाह्यलं. माझा बाप बाजूलाच उभा होता, त्याचा धाक लई. मंग जल्दी जल्दी तिला बदनापूरकडं बिजवराला देऊन टाकली, दोन लेकरांच्या बापाला.

माझाही संसार झाला. गावानं मला झेंडेवाले आबा केलं, दरसाल शाल, नारळ. अनसा गेल्या साली वारली. मातीला गेल्तो मी, लांबच उभा राह्यलो. तिची नात सांगत होती, झेंड्याच्या दिवशी आजी म्हणायची, माझं लुगडं अजून तिकडं वाळत घातलंय.

उद्या शाळेत झेंड्याची दोरी ओढायला येतो मी, मास्तर. पण आधी माईक माझ्या हातात द्या. तिच्या बापानं विचारल्तं, त्याचा जबाब देतो. तुमच्या शाळेतल्या पोरी सुखात राहोत, आणि पोरांना येळेवर तोंड फुटो.