किसनरावाले परवानगी हाये, मले नाही

...अन् मले म्हणते, 'परवानगी नाही'. मले! तुमाले सांगतो, पुसदच्या अर्ध्या लोकाइची हाडं म्या आतून पाह्यली, अन् या एक्स-रेवाल्या फुलचंदले एक कम्प्युटरचा डब्बा म्हणते, तुमाले परवानगी नाही.

झालं काय, आमच्या हाडाच्या डॉक्टर, मैत्रेयी मॅडम, त्याइनं नवा कम्प्युटर घेतला. आमच्या दवाखान्यात जुने सगळे एक्स-रे खालच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये राह्यतात अन् मॅडम वर बसून आपल्या कम्प्युटरवर पाहातात, मधात वायर. रोज उघडे. नवा आला अन् उघडेच ना. अन् त्याच दिवशी कोण यावं, तं हरिसिंग, महागावकडच्या तांड्यातला. मागं त्याच्या मांडीत मॅडमनं रॉड टाकलता, आता वावरात घसरून पडला, स्ट्रेचरवर 'याडी, याडी' करून मायले हाका मारून राह्यला. मॅडम म्हणे, रॉड सरकला असन तं पाय पुन्हा उघडा लागन, पण जुन्या फोटोशी ताडून पाह्यल्याबिगर मी सुरी लावत नाही. जुनी फिल्म घरी असन ना? तं त्याची बायको मोतीबाई म्हणे, नातवाइनं सूर्याचं गिरण पाहाले नेली, ते गेलीच... आता बोला.

आमचे कम्प्युटर पाहाणारा कपिल, तो नेमका पांढरकवड्यात अडकलेला. त्याले फोन लावला. त्यानं वायर पाहाले लावली, वायर बरोबर. म्हणे दोन्ही कम्प्युटर एकमेकाले ओळखून राह्यले, फक्त नाव अन् पासवर्ड पाहिजे. माहं नाव टाकलं. 'परवानगी नाही.' मॅडमचं टाकलं, मालकीण हाये दवाखान्याची, तरी 'परवानगी नाही'. मंग कपिलनं तिकडूनच काहीतरी खुडबूड केली अन् म्हणते, "भाऊ, परवानगी एकाच माणसाले हाये. हे किसनराव कोण?"

किसनराव म्हणजे आमचे कंपाउंडर, दिवाळीच्या आंधी वारले, म्या सोता खांदा देल्ला. म्हटलं, कपिल, ते वर गेले. तं हा म्हणते, "वर म्हणजे मॅडमच्या केबिनमध्ये?"

म्हटलं, वर म्हणजे देवाघरी. मंग त्यानं समजावलं, का जुन्या कम्प्युटरनं किसनरावाचा पासवर्ड लक्षात ठेवलता, अन् रोज त्याइच्याच नावानं आत जात होता. म्हणजे पाहा, माणूस सरणावर गेला तरी रोज सकाळी ड्युटीवर हाजर, अन् आमाले पत्ता नाही! अन् दुसऱ्या कोणाले परवानगी द्यायची तं तेही किसनरावच देऊ शकते. म्या जिता माणूस, समोर उभा... मले परवानगी नाही.

उरली त्याइची बायको, मैनाकाकू. ज्या बाईचा नवरा गेला तिले फोन करून पासवर्ड इचारायचा कोणत्या तोंडानं? पण बाहेर हरिसिंग इवळून राह्यला. केला फोन. काकू म्हणे, मले पाठ हाये, पण त्याइनं कोणाले सांगू नको म्हटलं होतं. म्हटलं, काकू, आता ते नाहीत ना.

"ते गेले," काकू म्हणे, "म्या शब्द देल्ला तो थोडी गेला? मीच येतो."

आल्या ऑटोत बसून. आमाले सगळ्याइले तोंड फिरवाले लावलं अन् एका बोटानं टकटक केलं. उघडलं. स्क्रीनवर काय, तं 'किसनराव, आपले स्वागत आहे'. काकूनं पदरानं स्क्रीन पुसला अन् बाजूले झाल्या.

फोटो ताडला. रॉड जागचा हाल्ला नोहता, नुसता मुका मार. पाय उघडाचं काम नाही म्हटल्यावर हरिसिंग जो रडला, इतका तं दुखतानीही रडला नोहता.

मंग कपिल फोनवर म्हणे, आता उघडंच हाये तं कोण्या जित्या माणसाले परवानगी देऊन टाका. म्या शर्ट नीट केला, पुढं झालो. तं मॅडम म्हणे, मैनाकाकूचं नाव टाका. म्हटलं, अन् मी? तं म्हणे, फुलचंदभाऊ, तुमच्या मोबाइलचा पासवर्ड समोरच्या चहावाल्यालेही माहीत हाये.

आता काकू रोज काउंटरवर बसतात. फोटो म्या काढतो, उघडतात त्या. परवा भाचीच्या लग्नाले गेलत्या, फोन केला तं म्हणे, हळद लागू द्या, मंग येतो. आता पुसदात कोणाचं हाड मोडलं, का म्या आंधी पाहातो... काकूच्या नात्यात लग्न तं नाही ना.