दाबायचं कधी

प्रेमिला : मग बाटली कोरडी कशी?

चंद्रभान : कोरडी कुठं आहे? बुडाशी पाह्य ना. ओली आहे.

प्रेमिला : ते मी पट्टा बांधून दिला त्या दिवशीचं आहे. माझ्यासमोर एकदा दाबलंत, तेवढंच. बाबा, आठवडा झाला. आठवडाभर ही थैली पोटाला बांधून तुम्ही हिंडताय…

चंद्रभान : हिंडून कुठं राहिलो? खाट ते संडास, संडास ते खाट. जाऊन-येऊन पूर्ण फेरी.

प्रेमिला : थट्टा नको.

कांताबाई : करू दे वं. तेवढी तं येते त्यायले.

प्रेमिला : आई, तू मध्ये पडू नको. बाबा, मी काय सांगितलं होतं? तुमच्या तोंडून ऐकू द्या.

चंद्रभान : दुखलं का बटन दाबायचं.

प्रेमिला : आणि?

चंद्रभान : अन् नळीतून एक थेंब बाटलीत पडन. मिठाचं पानी. औषध नाई त्यात, म्हनून दुखनं काही थांबनार नाई. सारं ध्यानात आहे, मास्तरीनबाई.

प्रेमिला : मग दाबलं नाही, म्हणजे आठवडाभर दुखलंच नाही?

कांताबाई : सांगा ना. पोरगी विचारून राहिली.

चंद्रभान : थोडं थोडं.

कांताबाई : थोडं! उशीचं टोक चावून चावून कापूस बाहेर काढला. मंगळवारी पंचफुला धावत आली समोरून. म्हने, कांताबाई, मांजर अडकलं का वं कुठं?

चंद्रभान : मांजरच होतं ते.

कांताबाई : हाव. खाटेवर होतं.

प्रेमिला : बाबा, सोमवारी डॉक्टर भागडीकर हीच थैली तुमच्या पोटाच्या कातडीखाली शिवणार आहेत. तेव्हा आत मॉर्फिन असेल. नळीचं टोक बाटलीत नसेल, पाठीच्या कण्यात असेल, जिथे ती गाठ उतरलीय. तुम्ही वरून बोटानं दाबायचं आणि थेंबभर आत जायचं. रिक्षा नको, इंजेक्शनसाठी बाकावर बसणं नको. पण तुम्ही किती वेळा दाबता ते कळल्याशिवाय औषध किती घट्ट भरायचं हे आम्ही कसं ठरवू? म्हणून तर ही तालीम.

चंद्रभान : थैली केवढीशी आहे, पाह्यली ना मी. आज बारक्या दुखन्यावर खर्चून टाकली, अन् उद्या मोठं आलं तं?

प्रेमिला : संपली की सुईनं पुन्हा भरता येते. सांगितलं होतं.

चंद्रभान : सांगतलं होतं. पन सवय आहे का मले? सावनेरच्या गाडीवर घंटीची दोरी सारा जनम माह्याच हातात होती. माह्यासाठी कधी ओढली नाई. पोट बिघडलं, ताप आला, तरी स्टँड येईपर्यंत उभा. भरली गाडी थांबवायची, अन् कोनासाठी? तं कंडक्टरसाठी!

कांताबाई : एकदा ओढायले पाह्यजे होती. त्या दिवसाची खाकी पँट मीच धुतली.

चंद्रभान : घ्या. पोरीसमोर काढा आता सारं.

प्रेमिला : बरं, आत्ता दाबा.

चंद्रभान : आता दुखत नाई.

प्रेमिला : बाबा.

चंद्रभान : दाबतो वं. हे घे… जात नाई.

प्रेमिला : बोट मधोमध ठेवा.

चंद्रभान : मधोमधच आहे. घट्ट झालं हे.

प्रेमिला : थांबा, जोर नका लावू, मला पाहू…

चंद्रभान : जाते कसं नाई! हे घे… अरे!

कांताबाई : अवो! पिचकारी उडाली ना. नळी बाटलीतून निसटली. माह्या लुगड्यावर सारं पानी.

चंद्रभान : होळी आहे, होळी.

प्रेमिला : हात काढा, बाबा.

चंद्रभान : पाह्य कशी धार…

प्रेमिला : हात काढा म्हटलं ना!

चंद्रभान : काढला. काय झालं? तोंड काहून उतरलं तुहं? पानीच आहे ना.

प्रेमिला : हो. पाणीच आहे.

*

(शेजारच्या कुसुमताईंकडचा फोन. डॉक्टर काय म्हणतात ते एकट्या प्रेमिलाला ऐकू येतं.)

प्रेमिला : डॉक्टर भागडीकर? मी प्रेमिला मेश्राम, इंजिनिअरिंग कॉलेजमधून… म्हणजे घरूनच.

डॉक्टर : ………

प्रेमिला : वडील आहेत तसेच आहेत. थैलीचा व्हॉल्व्ह ठीक नाही.

डॉक्टर : ……?

प्रेमिला : गळत नाही. उलट आहे. चिकटतो. आपण रबराला ब्लेडनं चीर दिलीय ना, दाबलं की तिचे ओठ उघडतात, सोडलं की मिटतात. आठवडाभर कुणी दाबलंच नाही, तर ते ओठ एकमेकांना धरून बसतात. मग माणूस जोर लावतो. लावणारच. आणि उघडतात ते एकदम. थेंब नाही, धार.

डॉक्टर : ………

प्रेमिला : किती ते मोजायला राहिलं नाही, आईच्या लुगड्यावर गेलं. पण पाच-सात वेळचं एकदम असेल. मॉर्फिन असतं तर…

डॉक्टर : …

प्रेमिला : हो.

कुसुमताई : हळू बोल वं, ऐकू येते त्यायले. घसा फोडू नको.

प्रेमिला : नाही, तुम्हाला नाही, इथे कुसुमताई बोलल्या. काय? हो, बटण दाबणाऱ्या मोटारीवर चाचणीत पास झाला होता. पण मोटार दिवसरात्र दाबतच होती, डॉक्टर. तिला थांबवून, आठ दिवसांनी पुन्हा सुरू करून आपण पाहिलंच नाही. मोटार काही सोसत नाही ना.

डॉक्टर : ……………

प्रेमिला : ‘दुखणारा माणूस दाबतोच.’ मीही तेच धरून चालले होते. ड्रॉइंग माझंच आहे. आणि न दाबणारा माणूस माझ्याच घरात होता. लहानपणापासून पाहतेय मी त्याला.

डॉक्टर : ………

प्रेमिला : बदलता येईल. चिरेच्या अलीकडे एक बारीक खोली करायची. मग कितीही जोर लावला तरी खोलीत मावेल तेवढंच जाईल. पण नवा साचा, नवं ओतकाम, पुन्हा मोटार. आणि आता मोटार थांबवूनही पाहायला हवं. पावसाळा निघून जाईल.

डॉक्टर : ……

प्रेमिला : तेच म्हणतेय. बाबांकडे पावसाळा नाही.

कुसुमताई : बस वं. इथं बस. उभ्यानं काहून बोलून राहिली?

प्रेमिला : बसते, कुसुमताई… हां डॉक्टर, बोला. पातळ? औषध पातळ भरायचं? म्हणजे एकदम गेलं तरी श्वासावर बेतणार नाही… हो. हो, ते होईल. पण मग एका थेंबात आराम कमी. म्हणजे त्यांनी जास्त वेळा दाबायचं.

डॉक्टर : …

प्रेमिला : हसलात का तुम्ही?

डॉक्टर : ……!

प्रेमिला : नाही, हसण्यासारखंच आहे. जो माणूस एकदाही दाबत नाही, त्यानं सारखं सारखं दाबलं तरच त्याला आराम पडणार.

डॉक्टर : ………………

प्रेमिला : नको. तुमच्या नावानं धाक नको. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की ते हात जोडून हो म्हणतील आणि दाबणार नाहीत. तुम्ही ओळखत नाही त्यांना.

डॉक्टर : ……?

प्रेमिला : उद्या कळवते. सोमवारची ऑपरेशनची खोली धरून ठेवा. सोडू नका. ठेवते.

कुसुमताई : काय म्हनते डॉक्टर?

प्रेमिला : म्हणाले, व्हॉल्व्ह तुमचा, निर्णय तुम्ही घ्या.

कुसुमताई : आता पाह्य. पोट चंद्रभानभाऊचं, अन् निर्णय तुहा? मले नाई समजत तुमचं मशीनचं. पानी देऊ का?

*

चंद्रभान : म्हंजे मी सोसलं तं ते चिकटते. अन् चिकटलेलं मी जोरानं दाबलं तं एकदम सुटते.

प्रेमिला : हो.

चंद्रभान : अन् एकदम सुटलं तं?

प्रेमिला : घट्ट औषध असेल तर श्वास मंदावतो. थांबूही शकतो.

चंद्रभान : वाईट नाई.

प्रेमिला : बाबा!

चंद्रभान : मजाक केला.

प्रेमिला : नाही केला. पातळ भरलं तर तसं होणार नाही. पण मग दिवसातून पुष्कळदा दाबावं लागेल. थोडं दुखायला लागलं की लगेच. तुम्ही दाबलं तर चीर मोकळी राहील. नाही दाबलं तर ती चिकटेल आणि मोठं दुखणं आलं की तुम्ही तिच्याशी झटापट करत बसाल. आज सकाळसारखी.

चंद्रभान : मंग चूक कोनाची व्हय ही? तुही का माही?

प्रेमिला : माझी. मी दुखणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला. तुम्हाला ठेवलं नाही.

चंद्रभान : म्हंजे मी दुखनारा मानूस नाई.

प्रेमिला : तेच विचारायला आलेय.

चंद्रभान : तू तं इंजिनेर. असा व्हॉल्व्ह कर ना, का जो आपल्या मनानंच उघडन. मले विचारन नाई, काही नाई.

प्रेमिला : करता येतो. आपोआप झिरपणारा. पण मग तुम्ही झोपलेले असा, बोलत असा, दुखत असो नसो, तो झिरपतच राहील. तुम्ही गुंगीत पडून राहाल. तुम्हीच म्हणाला होतात ना, शेवटपर्यंत मला समोरचा माणूस ओळखू आला पाहिजे?

चंद्रभान : म्हनलो होतो.

प्रेमिला : म्हणून बटण ठेवलं. तुमच्या हातात.

चंद्रभान : …बरं. थोडं दुखलं का दाबायचं. थोडं म्हंजे किती?

प्रेमिला : आत्ता किती आहे?

चंद्रभान : आता काहीच नाई.

प्रेमिला : मग उशी का आवळून धरलीय?

चंद्रभान : गरम होऊन राहिलं म्हनून.

प्रेमिला : उशीनं थंड वाटतं?

कांताबाई : विचार, विचार. मले तं हेच सांगतात.

चंद्रभान : तू कायले आली? चूल सोडून?

कांताबाई : चूल विझली. तुमाले एक विचारू का? तुमी हे सोसता, कोनासाठी सोसता?

चंद्रभान : कोनासाठी म्हंजे? तुमचं घर उठवू का मी बोंबलून? तू सारा दिवस राबते. झोपू देतो तुले.

कांताबाई : झोपते कोन? तुमी दात खाऊन राहता, अन् मी भिंतीकडं तोंड करून निजल्याचं सोंग घेते. तुमाले वाटलं पाह्यजे ना, का कांता झोपली. नाई तं तुमी अजून दाबून ठेवसान.

चंद्रभान : तू जागी राहते?

कांताबाई : रोज.

चंद्रभान : मले तं वाटलं… तू घोरते ना वं.

कांताबाई : तेबी सोंगच.

चंद्रभान : घोरन्याचं सोंग?

कांताबाई : मंग! सोपं असते का ते? नाक दुखते माह्यं.

प्रेमिला : आई…

कांताबाई : तू हसून राहिली का रडून राहिली, एक काहीतरी कर.

चंद्रभान : म्हंजे माह्यं सोसनं फुकट. अन् तुहं घोरनं फुकट.

कांताबाई : हाव. दोघायचंबी.

प्रेमिला : बाबा, मी डॉक्टरांना अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. व्हॉल्व्ह माझा असला तरी पोट तुमचं आहे. नको असेल तर रिक्षा आहेच, इंजेक्शन आहेच. मी रागावणार नाही.

चंद्रभान : अन् पाह्यजे असन तं?

प्रेमिला : तर सोमवारपर्यंत हाच पट्टा. नवीन चीर दिलेलं रबर बसवून आणलंय. दुखायला लागलं की दाबायचं. मोठं व्हायची वाट पाहायची नाही.

चंद्रभान : पन यानं थांबनार तं काही नाई.

प्रेमिला : नाही. आत मिठाचं पाणीच आहे.

चंद्रभान : दुखन्याले काही फायदा नाई, तरी दाबायचं. फालतू काम आहे वं हे.

प्रेमिला : आहे.

चंद्रभान : अन् कोनी पाह्यलं तं म्हनन, मेश्राम कंडक्टर बच्चा झाला.

कांताबाई : कोन पाहते इथं? पंचफुला? तिले मांजर सांगतलं आहे.

चंद्रभान : तू चहा टाक. लई बोलून राहिली.

कांताबाई : टाकते. साखर किती?

चंद्रभान : नेहमीसारखी… थांब. जाऊ नको.

कांताबाई : काय झालं?

प्रेमिला : बाबा? पाणी देऊ? कुशीवर करू का?

चंद्रभान : नाई. तू बाटली पाह्य.

प्रेमिला : थेंब आहे. एकच. बरोबर एक… बाबा, मी समोर बसलेय म्हणून दाबलंत का? मला दाखवायला?

चंद्रभान : नाई वं. दुखलं म्हनून.