चांदीची पकड

तू घे रे क्लॅरोनेटला चांदीची पकड, मी नको म्हणत नाही. पण आधी माझं ऐक.

माझे बाबा रत्नागिरीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. फुंकायच्या टोकाला ती पातळ पत्ती असते ना, ती ते मासळीच्या जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधायचे. मी आगबोटीवर खलाशी. मला त्या दोऱ्याची लाज वाटायची. मुंबईत एक दुकानदार म्हणाला, "चांदीच्या पकडीत पत्ती बसवा, सूर दुप्पट गोड लागेल." महिन्याचा पगार त्याच्या हातावर ठेवला आणि पकड घरी धाडली.

बाबांचं पत्र आलं, "सूर फार गोड लागतो." मी खूश. लगेच पत्तीवर घालायचं चांदीचं टोपणही धाडलं.

शिमग्याला घरी गेलो. पकड नुसती लखलखत होती. म्हटलं, "बाबा, वाजवा की!"

"आज नको रे. घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशीही घसाच. तिसऱ्या दिवशी आई चुलीपुढून कडाडली, "किती त्यांच्या मागे लागशील? पुढचे दात पडले त्यांचे, तुझी पकड यायच्या आधीच! दातांशिवाय ती नळी तोंडात ठरत नाय. बँड कधीच सुटला."

मी बाबांना विचारलं, "मग पत्रात गोड सूर लिहिलात तो कुठला?"

बाबा फडक्याने पकड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "दर पत्रात तू पकडीचंच विचारायचास."