जर्मनची होडी

आमची नवी होडी तुम्हा सगळ्यांना आवडली ना? ती घरी येता येता राहिली होती.

जुन्नरचे उस्मानचाचा भांड्यांना कल्हई करतात आणि होड्याही बनवतात; त्यांनी आपल्या दारात दोन होड्या मांडल्या होत्या. एक लोखंडी पत्र्याची आणि दुसरी जर्मनची, म्हणजे शाळेत ज्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणतात त्याची. खांदा निखळल्यापासून आबांना जड होडी डोहातून काठावर ओढता येत नाही. लोखंडी होडी त्यांच्याने हललीसुद्धा नाही. जर्मनची मात्र त्यांनी एका बाजूने सहज उचलली आणि ते हसले.

"ही न्हाई," आत्या म्हणाली. बाजारात मासळी तीच विकते, म्हणून तिचा शब्द शेवटचा. "जर्मनच्या भांड्यात ताक कळकतं. मासळी कळकली तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकंल."

"आक्का, होडीत मासळी घटकाभर असते," चाचा म्हणाले.

"मग कल्हई करून द्या."

"होडीला?"

"भांड्याला करता, मग होडीला का न्हाई?"

आबा नाइलाजाने लोखंडी होडीकडे वळले. मला राहवेना. आत्याच्या मागे उभी राहूनच मी म्हणाले, "आत्या, तू मासळी मांडून बसतेस ती परात जर्मनचीच हाय. दिसभर मासळी तिच्यातच असती."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जर्मनची द्या," ती चाचांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, एवढा वेळ तोंड शिवलं व्हतं व्हय? बोलून बोलून माझा घसा सुकला."